स्किप्टनच्या भिंतीवर गोवऱ्या

विलायतेहून परत आल्यापासून संग्रामपुरात जो भेटतो तो एकच विचारतो, लंडन पाहिलं का. नाही पाहिलं. आमचं विमान मँचेस्टरला उतरलं आणि मँचेस्टरहूनच परत उडालं. मधला महिनाभर आम्ही स्किप्टन नावाच्या गावात काढला. ते नकाशात शोधायला मला भिंग लागलं होतं, आणि मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. हे ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मग तुम्ही पाहिलं तरी काय, असा पुढचा प्रश्न येतो. मी सांगतो, भिंती पाहिल्या. त्यावर लोक विषय बदलून कापसाच्या भावावर येतात.

पण खरंच सांगतो, पाहाव्या तर त्या भिंती. गावाच्या चारही बाजूंनी हिरवे डोंगर, आणि डोंगरांवर नजर पोचेल तिथवर दगडी भिंती. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर नुसता दगड. आपल्याकडे दोन शेतांमध्ये मातीचा धुरा असतो आणि शेजारी तो दरवर्षी वीतभर आपल्याकडे सरकवतो. तिथं धुऱ्याच्या जागी छातीएवढी भिंत. ती सरकवायची म्हटली तर शेजाऱ्याची कंबर मोडेल. या प्रवासात आमच्या बाबतीत जे काही घडलं ते अशाच दोन भिंतींपाशी घडलं. एका भिंतीवर माझ्या बायकोनं गोवऱ्या थापल्या, आणि दुसरीत मी अडकलो.

आधी आम्ही तिकडे का गेलो ते सांगतो. आमची एकुलती एक मुलगी मीनल स्किप्टनला राहते आणि जवळच्या हॉस्पिटलात औषधांच्या विभागात काम करते. तिला डोंगर चढण्याचं वेड. दर रविवारी कुठल्या तरी शिखरावरून फोटो यायचा, केस वाऱ्यानं विस्कटलेले, गाल लाल. दोन हिवाळ्यांपूर्वी ती गोठलेल्या खडकावरून घसरली आणि पायाचं हाड मोडलं. लोकांनी तिला झोळीत घालून डोंगरावरून खाली आणलं. आम्हाला कळलं ते ऑपरेशन होऊन गेल्यावर. मी फोन हातात धरून नुसता बसून राहिलो. सुमन, म्हणजे माझी बायको, उठली, पायात चपला अडकवल्या आणि ऑटो करून सोनाळ्याला आमच्या शेतात गेली. तिथं धुऱ्यावर निंबाखाली शेंदूर लावलेला मारुती आहे. पोरगी पहिल्यासारखी डोंगर चढली की तुला रोडगे करीन, असं त्याला बोलून ती परत आली आणि मगच रडली.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला रोडगे माहीत नसतील तर त्याचं दुर्दैव. रवाळ कणकेत ओवा घालून घट्ट गोळे करायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, आणि तिखटजाळ वांग्याच्या भाजीशी झाडाखाली बसून खायचे. नवसाचे असले तर आमच्याकडे दोन गोष्टी पाळतात. ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानं पहिला रोडगा मोडायचा, आणि नवस फळला की फेडायला उशीर करायचा नाही. म्हणून सुमननं बॅगेत रवाळ पीठ, काळा मसाला, तुरीची डाळ आणि शेंदराची पुडी भरली. मारुती सोनाळ्याला आणि रोडगे विलायतेत, हे कसं जमायचं, असं मी विचारलं.

"त्याले काय समुद्र नवा आहे?" ती म्हणाली.

गोवऱ्या तेवढ्या घेतल्या नाहीत. तिथं गाई असतीलच की, असं तिचं म्हणणं होतं.

बाजाराचा रस्ता

मे महिन्यात संग्रामपुरात कुलर घरघरत असताना आम्ही स्किप्टनच्या मोठ्या रस्त्यावर स्वेटर घालून बाजार पाहत होतो. आपल्या आठवडी बाजारासारखाच तिथला बाजार. रस्त्याच्या दोन्ही कडांना कापडी छपरांची दुकानं आणि वरच्या टोकाला राजेरजवाड्यांच्या काळातला किल्ला. फरक इतकाच की कोणी ओरडत नाही. भाजीवाला गप्प, गिऱ्हाईक गप्प, कुत्रीसुद्धा गप्प. सुमनला वाटलं गावात कोणी गेलं की काय.

चीजच्या दुकानावर पैलवानासारखा एक माणूस होता. त्यानं मला तुकडा चाखायला दिला आणि 'लव्ह' म्हणून हाक मारली. मी दोन पावलं मागे सरकलो. मीनल हसत सुटली. तिकडे सगळेच सगळ्यांना असं म्हणतात, बसवाला, पोस्टातली बाई, दात काढणारा डॉक्टरसुद्धा. आपल्याकडे नाही का प्रत्येक वाक्यात 'बाप्पा' येत, तसंच ते. त्या यॉर्कशायर मुलखाची बोलीही मला फार आवडली. शब्द अर्धे गिळतात, स्वर लांबवतात, आणि लंडनची माणसं त्यांना गावठी म्हणून हसतात म्हणे. पुण्याला शिकायला गेलेला वऱ्हाडी पोरगा पहिल्या दिवशी जे भोगतो तेच हे. त्यामुळं पुढं तिथल्या एका बाईचं बोलणं मी वऱ्हाडीतच लिहिणार आहे. माझ्या कानाला ते तसंच लागलं.

आता खाण्याचं. तिकडे चीजबरोबर मनुकांचा केक खातात. आधी मला ते विचित्र वाटलं, मग आपण गुळाबरोबर शेंगदाणे खातो हे आठवलं आणि मी दुसरा तुकडा घेतला. यॉर्कशायर पुडिंग म्हणजे गोड काही असेल म्हणून मी आशेनं बसलो, तर समोर आली एक भलीमोठी फुगलेली पुरी, वर उघडी, आत कांद्याचा रस्सा भरलेला. गोड नव्हती पण झकास होती. दुपारच्या चहाबरोबर स्कोन नावाची जाड भाकरी, तिच्यावर मुरंबा आणि त्यावर दाट साय. मी कुठल्याच गोष्टीला नाही म्हटलं नाही. पँटचा हूक आठवडाभरात कुरकुरायला लागला, आणि याचा पुढं संबंध येणार आहे.

किल्ला, कालवा आणि नदीतले दगड

किल्ल्याच्या आतल्या चौकात एक जुनं झाड आहे, त्याच्याखाली बसलं की थंडी विसरायला होते. बुरुजात वर जायला गोल गोल जिना आहे. आम्ही निघालो तर मीनल म्हणाली, तुम्ही जाऊन या, माझा पाहून झाला आहे. मला काही वाटलं नाही.

गावाच्या मधोमध कालवा वाहतो आणि त्यात लांब, अरुंद, रंगीत होड्या असतात. अशी होडी दिवसभरासाठी भाड्यानं मिळते आणि स्वतः चालवायची असते. ती इतकी हळू चालते की काठावरून कुत्रा फिरवणारा एक म्हातारा आमच्या पुढं निघून गेला, पुलाशी थांबून त्यानं आमची वाट पाहिली, हात हलवला आणि पुन्हा पुढं गेला. सुकाणू उजवीकडं दाबलं की होडी डावीकडं जाते. हे मला पटेपर्यंत आम्ही दोनदा काठावर चढलो आणि बदकांच्या एका कुटुंबाला घर बदलायला लावलं. सुमन पुढं बसून बदकांची माफी मागत होती. एवढं हसणं आमच्या घरात बऱ्याच दिवसांनी झालं.

जवळच एक पडका मठ आहे. छत नाही, नुसत्या उंच कमानी, त्यातून आभाळ दिसतं. मठासमोर नदी आणि नदी ओलांडायला पाण्यात ओळीनं मांडलेले दगड. लहान पोरं त्यावरून उड्या मारत जात होती. मी आणि सुमन एकमेकांचा हात धरून गेलो, शेवटच्या दगडावरून माझा एक बूट पाण्यात बुडाला. पलीकडे जाऊन मागं वळलो तर मीनल अलीकडच्या काठावरच उभी होती. बूट जपायचे आहेत, असं तिनं ओरडून सांगितलं. बूट जुने होते.

त्या संध्याकाळी मी सुमनशी बोललो. पाय तर बरा झालेला दिसतो, डॉक्टरांनीही काय वाटेल ते कर म्हटलं आहे, मग ही जिना का टाळते? सुमनला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, कारण मीनल घराच्या दोन पायऱ्यासुद्धा भिंतीला हात लावून उतरत होती.

"पाय बरा आहे तिचा," सुमन म्हणाली. "जीव भेला आहे."

पहिली भिंत

इंग्लंडात एक चांगली रीत आहे. पायवाट कोणाच्याही शेतातून जात असली तरी तिच्यावरून जायला कोणी अडवत नाही, फाटक तेवढं लावून घ्यायचं. सुमन रोज सकाळी अशा एका वाटेनं फिरायला जायची. हातात प्लास्टिकची पिशवी असायची. मला वाटलं फुलं आणत असेल. एके दिवशी मी सोबत गेलो आणि वळणावर पाय जागीच थांबले. काळपट दगडाच्या त्या सुबक भिंतीवर ओळीनं गोवऱ्या थापलेल्या होत्या, आणि प्रत्येकीवर माझ्या बायकोची पाच बोटं उमटलेली.

आपल्या गावात भिंत कोणाची आहे हे गोवरी थापताना कोण विचारतं? उन्हाची आहे ना, एवढं पाहायचं. सुमननं तेच पाहिलं होतं. पण तिचं काही जमत नव्हतं. इथल्या गाई नुसतं ओलं गवत खातात म्हणून शेण पातळ, त्यात मिसळायला कुटार, म्हणजे भुसा, नाही, आणि दर दुपारी पावसाची एक सर येऊन थापलेलं खाली घसरवायची. ती मोठ्या काळजीनं हे सगळं मला समजावत होती आणि एक ताजी गोवरी थापत होती, तेवढ्यात गुडघ्यापर्यंत बूट घातलेली एक उंच बाई काळंपांढरं कुत्रं घेऊन समोर उभी राहिली. शेत तिचं होतं, भिंत तिची होती, आणि शेणही तिच्याच गाईंचं होतं.

सुमननं शेणाच्या हातानंच नमस्कार केला. मी शाळेत शिकलेलं सगळं इंग्रजी आठवू लागलो. शेण, नवस आणि मारुती हे शब्द कुठल्याच धड्यात नव्हते. शेवटी मीनलला फोन केला. तिला सुट्टी होती, ती गाडीनं दहा मिनिटांत आली, भिंत पाहिली आणि कानापर्यंत लाल झाली. जॅनेट, म्हणजे ती शेतकरीण, रागावली नव्हती. तिला फक्त हे काय आहे आणि कशासाठी आहे ते जाणून घ्यायचं होतं. मीनलनं तोच प्रश्न आईला विचारला. तेव्हा त्या भिंतीपाशी उभं राहून सुमननं नवसाची गोष्ट मीनलला पहिल्यांदा सांगितली. मीनल इंग्रजीत सांगू लागली. तुटलेल्या पायापर्यंत आली आणि तिथंच अडकली. बाकीचं तिला सांगताच येईना.

पण जॅनेटला पुरेसं कळलं होतं. तिनं एक गोवरी बोटानं दाबून पाहिली. "भिंतीले काई होत नाई, तिनं लय पाह्यलं," ती म्हणाली. "पण इथं दसऱ्यापर्यंत बी वाळणार नाई, बाई." ती ऑक्टोबर म्हणाली होती, दसरा मी घातला. मग तिनं टमाट्यांसाठी केलेल्या आपल्या काचेच्या घरात एक फळी रिकामी केली, पेंढा कापून दिला, आणि त्या दिवशी दोघींनी मिळून नव्यानं गोवऱ्या थापल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती आणि दोघींचं बोलणं थांबत नव्हतं.

गाडीत मात्र मीनल चिडली. "माह्या पायाचा नवस, अन् मलेच माहीत नाई? मी चढलीच नाई त? मले भेव लागते, आई. उतार पाह्यला का मले तोच खडक दिसते."

सुमन शांत होती. "नाई चढली त नाई चढली. नवस म्या बोलला, त्याचा भार माह्यावर आहे. तुह्यावर नाई."

त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही. काचघरातल्या गोवऱ्या मात्र वाळत होत्या, आणि आमच्या परतीचा दिवस जवळ येत होता.

दुसरी भिंत

निघण्याआधीच्या शनिवारी आम्ही जॅनेटचा निरोप घ्यायला गेलो. गोवऱ्या खडखडीत वाळल्या होत्या. सुमननं त्यांच्यावरून हात फिरवला आणि थंडीत शेगडीला वापर म्हणून जॅनेटलाच देऊन टाकल्या. सुमनचा चेहरा मला पाहवेना. मग तिनं विचारलं, शेतामागचा तो टोकदार डोंगर तरी आपण दोघं जवळून पाहून येऊ का? त्याचं नाव शार्प हॉ. वाट सोपी होती. मीनल जॅनेटच्या स्वयंपाकघरात चहा घेत थांबली, आम्ही निघालो.

ऊन पडलं होतं. मेंढ्या कोकरांना घेऊन आमच्याकडं पाहत होत्या. वर वर जाताना एकामागून एक भिंती लागतात आणि भिंतीतून पलीकडे जायला फाटक नसेल तिथं फट ठेवलेली असते. दोन उभे दगड, मध्ये तिरपं होऊन माणूस जाईल एवढीच जागा. मेंढरू जाऊ नये म्हणून ही युक्ती. सुमन साडी सावरत पलीकडे गेली. तिच्या मागं मी आत शिरलो. छाती पलीकडे गेली, पाय पलीकडे गेले, पोट आतच राहिलं.

आधी मी गंमत समजलो. मग पुढं रेटलं, मागं रेटलं, दगड हलेना आणि मीही हलेना. महिनाभराचं चीज, साय आणि पुडिंग माझ्या आणि इंग्लंडच्या मध्ये उभं राहिलं. सुमननं हात धरून ओढलं. तिला हसू आवरेना, ती गवतात खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. एक मेंढी येऊन माझं तोंड पाहून गेली. शेवटी सुमननं मीनलला फोन लावला. "तुहे बाबा भिंतीत अटकले, लवकर ये," एवढं बोलली आणि रेंज गेली.

मला आधी कुत्रं दिसलं, मग मीनल. धावत येत होती. वाटेत दगड होते, चिखल होता, चढ तर होताच. मागून जॅनेट येत होती. मीनलला वाटलं होतं भिंत अंगावर पडली. मला असा पाचरीसारखा बसलेला पाहून ती गुडघ्यांवर हात ठेवून हसली, मग तिनं हुकूम सोडले. जाकीट काढा. श्वास सोडा. सगळा सोडा, बाबा. पुढून मीनल आणि सुमननं ओढलं, मागून जॅनेटनं खांदा लावला, शर्टाचं एक बटण उडालं आणि मी मोकळा झालो.

मीनल पलीकडे कशी पोचली हे आता आमच्या लक्षात आलं. मला वळसा घालून, सरळ भिंतीवर चढून उडी मारून ती आली होती. जॅनेट खाली पाहू लागली. आम्हीही पाहिलं. तिचं घर काडेपेटीएवढं दिसत होतं. मीनलनं मागं वळून पाहिलं आणि झटकन भिंत धरली. वरचं टोक समोरच होतं, थोडासा गवताचा चढ आणि त्याच्यावर मोजणीवाल्यांनी रोवलेला एक पांढरा खांब. सुमन गवतात माझं बटण शोधत राहिली.

बऱ्याच वेळानं मीनलनं भिंतीवरचा हात काढला.

"आई, हात दे," ती म्हणाली.

दोघी निघाल्या. मी आणि जॅनेट मागं राहिलो, कारण माझा दम संपला होता आणि जॅनेट शहाणी होती. अर्ध्या वाटेत मीनलनं आईचा हात सोडला. मग ती एकटीच पुढं गेली आणि तिनं त्या पांढऱ्या खांबावर तळहात ठेवला. वाऱ्यानं तिचे केस विस्कटले, अगदी त्या जुन्या फोटोंतल्यासारखे. मी रडलो. पोरगी चढली याचा एवढा आनंद मला तिच्या जन्मानंतर पहिल्यांदाच झाला, आणि तो लपवण्यासारखा नव्हता. जॅनेटनं आपला रुमाल दिला. त्याला मेंढरांचा वास होता.

नवस फेडायला उशीर करायचा नसतो, आणि वारही मारुतीचाच होता. मीनल गाडी पळवत घरी गेली आणि पीठ, मसाला, डाळ, तूप, वांगी घेऊन आली. जॅनेटच्या अंगणात जुन्या लोखंडी टोपल्यात गोवऱ्या पेटल्या. सुमननं भिंतीतून निखळलेला एक दगड जॅनेटला विचारून घेतला, धुतला, शेंदूर लावला आणि झाडाखाली ठेवला. धूर निघाला तसा सोनाळ्याच्या निंबाखालचा वास त्या परक्या अंगणात पसरला. वांगी तिथली, जांभळी आणि बेचव, पण मसाल्यानं त्यांना सुधारलं. पहिला रोडगा मीनलनं मोडला. हात भाजला तरी सोडला नाही. जॅनेटनं तीन खाल्ले आणि सांगितलं की आमचं पुडिंग हलकं असते, पण मेंढरामागं जाताना हेच पोटात पाह्यजे.

परतताना गाडीत मीनल म्हणाली, "बाबा, तुम्ही मुद्दाम अटकले न? मले वर आणाले?"

मी खिडकीबाहेर पाहत जाणत्या माणसासारखं हसलो. सुमनलाही आता तसंच वाटतं, आणि आमच्या नातेवाइकांत मी मोठा हुशार बाप ठरलो आहे. खरं काय ते वाचकाला सांगतो, मी खरोखरच अडकलो होतो. मीनलला सांगू नका.

परत आल्यावर आम्ही सोनाळ्याला जाऊन मारुतीला नारळ फोडला. सुमननं त्याला सगळी हकीकत सांगितली, पोटाच्या भागासकट.

परवा मीनलचा फोटो आला. मला वाटलं डोंगराचा असेल. फोटो जॅनेटच्या काचघराचा होता. टमाट्यांच्या शेजारी फळीवर ओल्या गोवऱ्यांची ओळ, आणि गोवऱ्यांवरची बोटं सुमनची नव्हती. बारीक होती, लांब होती. खाली लिहिलं होतं की पुढच्या उन्हाळ्यात याहून मोठा डोंगर चढायचा आहे, या वेळचा नवस मी स्वतः बोलली आहे, तुम्ही फक्त पीठ घेऊन या.

सुमननं फोटो मोठा करून पाहिला. मग फोनच्या काचेवर, त्या बोटांच्या ठशावर, आपला पंजा ठेवून पाहिला.

"लय पातळ थापल्या पोरीनं," ती म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत माझा फोन तिनं मला परत दिला नाही.